उलट्या सीटवरची बाई

चहा आधी संपवून घ्या. मधेच हसू फुटलं तर तो नाकातून येतो, आणि माझ्या या गोष्टीपायी आजवर दोघांचे शर्ट खराब झालेत.

घोटाळा करायला डोकं लागतं असं लोक म्हणतात. मी जो घोटाळा केला त्याला डोकं नसणं लागलं. सातवीत मी शाळा सोडली तेव्हा मास्तर आईला म्हणाले होते, मुलगा वाईट नाही, फक्त विचार करायच्या आधी पळत सुटतो. पुढे मला सायकल मिळाली आणि मी विचार करायच्या आधी आणखी लांब पोचायला लागलो. एवढाच काय तो फरक.

आम्ही बंगळुरातल्या चिकपेटच्या मागच्या गल्लीतले. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं शेजारचे जाधवमामा सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. माझी मोठी बहीण यमुना, म्हणजे माझी अक्का. सगळी गल्ली मला हणम्या म्हणते, ती ‘तम्मा’ म्हणायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. गल्लीचं नाव हाक मारायला होतं, तिचं नाव माझं होतं.

अक्काला एम.एस. झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस. हे नाव नीट म्हणायलाच मला कितीतरी दिवस लागले. आधी तिच्या हातून भांडी पडायला लागली, मग पाय अडखळायला लागले, मग एका डोळ्यापुढं धुकं. इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की नसांवर एक आवरण असतं, ते जागोजागी झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. मी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका लहान कारखान्यात लेथवर काम करतो. मला लगेच कळलं. मी म्हटलं, म्हणजे वायरचं प्लास्टिक गेलंय, मग टेप मारा की.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तीच टेप अजून कुणाला सापडलेली नाही. शोधतायत.’

अक्का मात्र हसली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मी तिला उचलून खाली आणली तोवर हसत होती.

मग मी माझ्या सायकलला तिच्यासाठी सीट केली. कारखान्यातल्या भंगारातला पाइप, जुन्या स्कूटरचं रेक्झिन, पाठीला टेकायला फळी, कमरेला पट्टा. पण घाईघाईत जोडताना मी ती उलटी जोडली. म्हणजे बसणाऱ्याचं तोंड मागच्या रस्त्याकडे. वेल्डिंग झाल्यावर लक्षात आलं. काढून परत जोडतो म्हटलं तर अक्का म्हणाली, राहू दे, तू पुढचं बघ, मी मागचं बघते.

तसेच आम्ही वर्षानुवर्षं हिंडलो. चिकपेट ते इंदिरानगर, इंदिरानगर ते चिकपेट, पाठीला पाठ लावून. माझ्या सायकलला आरसा नव्हता आणि लागलाही नाही. मागून अक्काचा आवाज यायचा, ‘तम्मा, बस येतेय, स्वल्प बाजूला घे.’ मी स्वल्प, म्हणजे थोडं, बाजूला घ्यायचो. बस निघून जायची. ती ड्रायव्हरला हात करायची.

डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या ओळखीच्या काही लोकांनी एम.एस.वरच्या संशोधनासाठी सायकल फेरी काढायचं ठरवलं. थंडीत, कब्बन पार्कपासून नंदीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. जो सायकल चालवेल त्याच्या नावावर ओळखीपाळखीच्यांनी वर्गणी द्यायची. अक्कानं मला न विचारता माझं नाव दिलं. आणि वर माझ्यामागे स्वतःचंही दिलं. मला म्हणाली, ‘नंदी बघितली नाही मी अजून. नेशील ना?’

मी म्हटलं, ‘सरी.’ म्हणजे बरं. नेतो म्हटलं म्हणजे नेतो.

पावसाळ्यात तिच्या छातीत कफ साठला, आणि ती गेली.

इथं मी जास्त बोलणार नाही. चहा घ्या.

तर नंदी राहिली होती. नेतो म्हटलं होतं. दिवस-कार्य उरकलं, आईनं अक्काचे कपडे वाटून टाकले. त्यातली तांबडी शाल आणि माकडटोपी मी लपवली, हे आईला माहीत नव्हतं. एका रविवारी मी सायकल काढली, सराव करायला. गल्लीतून पहिल्यांदाच रिकाम्या सीटनं निघालो आणि फुलवाल्या पुट्टम्माच्या घरासमोर सरळ गटारात गेलो.

का? सांगतो. इतकी वर्षं मागे वजन होतं. ते गेल्यावर पुढचं चाक वाऱ्यावर आल्यासारखं हलायला लागलं. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगितलं.

अख्खी गल्ली धावली. पुट्टम्मानं माझं डोकं धुतलं, जाधवमामांनी सायकल उचलली. मला इतकी लाज वाटली, इतका राग आला, की मी सगळ्यांसमोर शपथ घेतली. या सायकलला परत हात लावणार नाही, लावला तर हात झडो. मामांनी स्वतः ती आमच्या घरामागं नेऊन तिच्यावर गोणपाट टाकलं. माझी शपथ त्या रात्री झोपेपर्यंत टिकली.

दुसऱ्या पहाटेपासून मी चोरून सराव सुरू केला. आई पहाटेच एका खानावळीत पोळ्या लाटायला जाते. ती गेली की मी सायकल काढायचो, मल्लेश्वरचा चढ चढून उजाडायच्या आत परत यायचो, सायकलवर गोणपाट टाकायचो आणि पीण्याची बस पकडायचो. थंडीचे दिवस, धुकं असं की स्वतःचं हँडल शोधावं लागायचं. कुणी बघायचा प्रश्नच नव्हता.

वजनाचा प्रश्न मी कारखान्यात सोडवला. आमच्याकडे खराब निघालेले वॉशर ढिगानं पडलेले असतात. मेस्त्रींना विचारून एक गोणी भरली आणि तिला अक्काच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. सायकल एकदम शहाणी झाली. पण गोणी घासून रेक्झिन फाटायला लागलं, म्हणून मी तिच्याभोवती शाल गुंडाळली. गोणीच्या तोंडाची गाठ वारं लागून फडफडायची, म्हणून तिच्यावर माकडटोपी घातली. बघा, प्रत्येक गोष्टीला कारण आहे. एकेक करून बघितलं तर मी किती शहाणा माणूस आहे. सगळं एकत्र बघू नका.

आता तुम्ही गल्लीतले आहात असं समजा. पहाटेची वेळ. दारासमोर सडा घालायला उठलात. धुक्यातून आवाज येतो, छुम् छुम् छुम्. पैंजणांचा. दार किलकिलं करून बघता तर आवाज दारावरून पुढे गेलेला, आणि दूर जाणाऱ्या अंधारात, तुमच्याकडे तोंड करून, तांबडी शाल पांघरून, माकडटोपी घालून बसलेली आमची अक्का. चालवणारा कुणी दिसत नाही, कारण मी हा असा काडीसारखा, फळीच्या आड अख्खा मावतो. फक्त धापा ऐकू येतात. आणि मधेच एक घोगरा आवाज, ‘अक्का, मागं बस नाही ना?’

हो, मी गोणीशी बोलायचो. सवय. तुमचं काय जातंय?

सगळी गल्ली हादरली. पण त्यातली गंमत म्हणा, माया म्हणा, ती अशी की आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. घर दुःखात आहे, पोर अजून ताट पुढं आलं की उठून जातं, त्यांना कशाला सांगायचं की तुमची मुलगी फिरतेय? मला बघितलं की बोलणं थांबायचं. मला वाटलं, गटारात पडलो म्हणून हसतायत.

मग एका संध्याकाळी पीण्याहून आलो तर घराघरांच्या दारावर खडूनं कानडीत लिहिलेलं, ‘नाळे बा’. उद्या ये. मला वाटलं, दूधवाल्यासाठी आहे. मी आईला म्हटलंसुद्धा, सगळ्यांनी एकदम दूध का बंद केलं असेल? आई म्हणाली, महाग झालं असेल.

खरं काय ते मला बसस्टॉपवरच्या पानवाल्यानं सांगितलं. तो काही आमच्या गल्लीतला नाही, मला ओळखत नाही. म्हणाला, तुमच्या बाजूला एक बाई सुटलीय, पहाटे फिरते. पायात पैंजण, तोंड उलटं. तिला एक राक्षस ओढून नेतो, त्याच्या धापा ऐकूनच माणसाला ताप येतो. ती दाराशी येऊन आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. म्हणून दारावर ‘नाळे बा’ लिहायचं. ती वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, परत वाचते, परत जाते.

मी पहाटे एकटा त्याच रस्त्यानं जातो की! मी त्याला विचारलं, ती नक्की किती वाजता असते? त्यानं सांगितलेली वेळ माझीच होती. रस्ताही माझाच. मी मारुतीला हात जोडले, की इतके दिवस तिच्या पुढ्यातून जात होतो, एकदाही समोरासमोर आणली नाहीस, तुझे उपकार.

हसताय? हसा. अजून व्हायचंय.

कारखान्यातून खडू खिशात घालून आणला आणि आमच्या दारावर ‘नाळे बा’ लिहिलं, माझ्या वाकड्या अक्षरात, सगळ्या गल्लीत सगळ्यात मोठं. आई दमून आली होती, तिनं बघितलं नाही. मग मी सायकलचा बंदोबस्त केला. सराव तर सोडता येत नव्हता, नंदी जवळ आली होती. हँडलला लिंबू-मिरच्या बांधल्या. भुताला आपण दिसू नये म्हणून डोक्यावरून काळी घोंगडी घेतली. आणि धीर यावा म्हणून मारुतीचा धावा म्हणायला लागलो, मोठ्यांदा. मला त्याची एकच ओळ येते. तीच परत परत.

म्हणजे गल्लीला आता काय दिसत होतं? काळा राक्षस, लिंबू-मिरच्या, पैंजण, आणि थरथरत्या आवाजात एकच ओळ. गल्लीनं दारांना आतून कड्या घातल्या. मी मात्र असा सुसाट जायचो की मल्लेश्वरचा चढ मला उतार वाटायला लागला. डॉक्टरीणबाईंना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, तुझी तयारी छान दिसते, कुणाकडून शिकतोस? मी म्हटलं, एक बाई आहे.

मग ती पहाट.

मी चढ करून परत येत होतो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि धुक्यात दिवे दिसले. एक, दोन, कितीतरी. बायकांची रांग. हातात ताटं, ताटात निरांजनं, तोंडं गंभीर, कुणी हलत नाही. मला पक्कं कळलं, ही ती एकटी नाही, तिचं अख्खं माहेर आलंय! मी दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा लागला, मागचा नाही लागला. मी हँडलवरून पुढं, सायकल माझ्या अंगावर, गोणी फुटली, आणि वॉशर सगळ्या गल्लीभर पळत सुटले. छुम्, छुम्, छुम्, पार पुट्टम्माच्या उंबऱ्यापर्यंत. माकडटोपी घरंगळत जाऊन एका ताटापाशी थांबली.

घोंगडीतून मी डोकं बाहेर काढलं. वर पुट्टम्मा वाकून बघत होती. तिच्या ताटात हिरव्या बांगड्या, खण, नारळ, मोगऱ्याचा गजरा. ती कानडीत म्हणाली, मी मराठीत सांगतो, ‘अय्यो. हा तर हणम्या आहे.’

तिच्या आवाजात राग नव्हता. मला अजून तो आवाज ऐकू येतो. निराशा होती.

माझ्या तोंडून काय निघावं? मी रांगेमागं उभ्या जाधवमामांना म्हटलं, ‘मामा, भूत गेलं का?’

‘कुठलं भूत?’ जाधवमामा म्हणाले.

‘ते पैंजणवालं. उलटं बसणारं.’

मामांनी खाली वाकून एक वॉशर उचलला आणि रस्त्यावर टाकला. छुम्. सगळ्यांनी वॉशरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गोणीकडे बघितलं. मग शालीकडे. मग उलट्या सीटकडे. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, तोपर्यंत, त्या क्षणापर्यंत, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मग हळूहळू कळलं. दाराला कडी घालणं पुट्टम्माला पटलं नव्हतं. ती म्हणाली होती, लग्नाची पोर इच्छा ठेवून गेली, म्हणून फिरतेय. तिला हाकलायचं काय? माहेरवाशिणीसारखी ओटी भरू, गजरा माळू, आणि सुखानं पाठवू. अख्खी गल्ली मला घाबरलेली होती, तरी अक्कासाठी थंडीत पहाटे ताटं घेऊन उभी राहिली होती. जिच्या पायात बळ नव्हतं तिच्या पायांतले पैंजण ऐकायचे म्हणून काही जणी आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

आणि रांगेत शेवटी आई होती.

पुट्टम्मानं तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं, पोरगं झोपलेलं बरं म्हणून. आई पहाटे घरातून निघाली, पण खानावळीत गेलीच नव्हती. तिच्या ताटात बाकी काही नव्हतं, नुसता दहीभात. अक्काला आवडायचा तसा, वर कढीपत्त्याची फोडणी. ती ते ताट धरून उभी होती, मी येईपर्यंत.

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिनं ताट खाली ठेवलं, रस्त्यातली शाल उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि घराकडे चालायला लागली. मी मागून लंगडत. सगळी गल्ली माझ्या मागून.

दाराशी येऊन ती थांबली. आता उजाडलं होतं. ‘नाळे बा’, हे एवढं मोठं.

‘हे अक्षर तुझं,’ आई म्हणाली.

‘हो.’

‘यमी दाराशी आली असती तर तिला उद्या ये म्हणणार होतास?’

‘मला काय माहीत ती अक्का आहे म्हणून?’

‘अक्का नव्हतीच रे ती. तूच होतास.’

म्हणजे हिशेब असा. राक्षस मी. गोणी माझी. भ्यालो मी. आणि स्वतःच्या घराच्या दारावर स्वतःलाच उद्या ये म्हणून लिहिणाराही मीच. त्यातून रोज आत कसा येत होतो तेच कळत नाही.

आईनं पदराचं टोक ओलं केलं आणि ते पुसायला लागली. पुसता पुसता तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती. पावसाळ्यापासून पहिल्यांदा. ती हसली तशी पुट्टम्मा हसली, मामा हसले, सगळी गल्ली आमच्या दारात पोट धरून हसली. मग आई रडली. मग आम्ही सगळ्यांनी तो दहीभात खाल्ला, घास घास. मी ताटावरून उठलो नाही.

पण नंदीचं काय? मामा म्हणाले, आता पुरे, सीट कापून टाक, पोराचे हातपाय मोडतील. मी म्हटलं, सीट राहणार. मामा म्हणाले, मग मोकळ्या सीटनं चालवून दाखव. मला येत नव्हतं, आणि चाकाचं ते कारण आता कुणी खरं मानत नव्हतं. मीसुद्धा.

आई म्हणाली, ‘सीट नंदीला जाईल. पण ती लोखंडाची गोणी नको.’

‘मग वजन?’ मी विचारलं.

पुट्टम्मा पुढं आली. ‘मी काय कमी आहे?’

आता पुट्टम्माचं वजन मी सांगणार नाही, ती अजून आमच्या समोर राहते. दुसऱ्या दिवशी ती उलटी बसली, मांडीवर फुलांची टोपली घेऊन, आणि मल्लेश्वरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला फुलं विकत गेली. चढावर माझा जीव जात होता आणि मागे मोगरा खपत होता. काही दिवसांनी तिनं जागा मामांना दिली. मामा हलके, पण अख्खी वाट त्या फौजेची गोष्ट सांगायचे. पूर्वज परत जायचं का विसरले ते मला तेव्हा कळलं, वाटेत असा कुणीतरी बोलत असणार.

मग एका रविवारी आई बसली. आमच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या, मध्ये ती फळी. चढ अर्धा झाला तेव्हा मागून आवाज आला.

‘बस येतेय. स्वल्प बाजूला घे.’

मी बाजूला घेतलं. बस गेली. पुढचा रस्ता मला नीट दिसला नाही, पण सायकल हलली नाही.

आईनंतर पुट्टम्माची नुसती टोपली बसवली. मग टोपलीही काढली. एक दिवस मी मोकळ्या सीटनं मल्लेश्वर चढून आलो आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. दारादारावरचे ‘नाळे बा’ तोवर पुसले गेले होते. वर्गणीही गल्लीनंच दिली, सगळ्यांनी. मामा म्हणाले, भुताच्या नावानं दिलीय, कमी पडली तर परत फिरायला ये.

फेरीच्या दिवशी कब्बन पार्कात मी बघतो तर काय, सगळ्यांकडे गिअरच्या सायकली, बारीक चाकं, डोक्यावर टोप्या. माझी सायकल त्यांच्यात म्हैस. पण आईनं सीटवर धुतलेली शाल घडी करून बांधली होती, पुट्टम्मानं वर गजरा. डॉक्टरीणबाईंनी सीटला हात लावला आणि पुढं गेल्या. नावं वाचली तेव्हा त्यांनी दोन वाचली. माझं, आणि माझ्यामागे अक्काचं.

झेंडा पडला आणि सगळे वाऱ्यासारखे गेले. थोड्याच वेळात माझ्या पुढे कुणी दिसेना. आणि गंमत सांगू? मी सवयीनं पुन्हा पुन्हा विचारत होतो, अक्का, मागून काही येतंय का? काहीच येत नव्हतं. येणार कुठून, सगळ्यात शेवटचा मीच!

वाटेत चेन दोनदा उतरली. एका उसाच्या शेतापाशी एका बाईनं पाणी दिलं, एका ट्रकवाल्यानं चेन चढवून दिली. कोण, कुठले, मी नाव विचारलं नाही. अशी माणसं मला वर्षभर भेटतायत. मी त्यांचे नीट आभारही मानलेले नाहीत, म्हणून इथं मानतो.

नंदी दिसली. मी सायकल थांबवून वळवली, म्हणजे सीटचं तोंड डोंगराकडे होईल. स्वल्प वेळ तसाच उभा राहिलो. बघ, म्हटलं. नेतो म्हटलं होतं.

मग पायथ्याशी पोचलो. दुपार उलटून गेली होती. कापडी कमान काढलेली, खुर्च्या टेंपोत चढलेल्या, बाकीचे सायकलवाले जेवून परत गेलेले. एकट्या डॉक्टरीणबाई गाडीला टेकून, कॉफीचा फ्लास्क घेऊन माझी वाट बघत होत्या. त्यांनी कॉफी ओतली. मला एवढ्या शिकलेल्या माणसानं स्वतः ओतून काही दिलं, असं पहिल्यांदाच झालं. मी लगेच म्हटलं, तुम्हाला नारळपाणी आणतो.

कमानीच्या जागी एकच शहाळेवाला उरला होता, तोही कोयता गुंडाळून निघालेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. घामानं थबथबलेलो, धुळीनं काळा, धापा टाकणारा, मागे सीटवर तांबडी शाल.

त्यानं मला खालून वर बघितलं, एक पाऊल मागं सरकला आणि कानडीत म्हणाला, ‘मुगितु. नाळे बा.’

संपलं. उद्या ये.

आणि मी काय केलं माहितीय? भुतं जे करतात तेच. ‘सरी’ म्हटलं आणि मुकाट्यानं सायकल वळवली.